चार वेळा पाजलेली मुलगी

जबाब देणारीचे नाव झुलायहा, नवरा मसरूर, वय २६ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार अर्जासा, कांगेआन बेट. आज शनिवारी दुपारी साडेतीन वाजता बंदरावरील पोलीस चौकीत आपण होऊन आले आणि सांगते, ते असे –

आज सव्वा वाजता याच चौकीत मी तक्रार दिली, की मुनावारोह नावाच्या बाईने माझी चार महिन्यांची मुलगी नाफिसा माझ्या हातातून हिसकावून नेली. ती तक्रार खोटी आहे. ती मी शुद्धीत असताना दिली, कोणी पढवले नव्हते. ती बाई अजून आत बाकावर बसवून ठेवली आहे. तिला सोडावे म्हणून हा दुसरा जबाब देत आहे.

मुलीचे वजन वाढत नव्हते म्हणून तिला सुमेनेपच्या डॉक्टरांना दाखवायला आणले होते. आज बोटीने घरी परतायचे होते. साडेनऊला बंदरावर पोहोचले. लाटा मोठ्या असल्याने आमची बोट दुपारी अडीचला सुटेल असे सांगण्यात आले. मुलगी दोन रात्री रडत होती, त्यामुळे मलाही झोप नव्हती. मला दूध कमी येते. सासूबाई रोज ऐकवतात, "दिसायला एवढी धडधाकट, आणि पोरीच्या तोंडात घालायला काही नाही." हे लिहायची गरज नाही असे साहेब म्हणाले, पण मी लिहायला सांगितले.

तिकीट खिडकीजवळच्या बाकावर ओढणी ओढून मी मुलीला पाजायला घेतले. ती दोनदा ओढे आणि किंचाळे. लोक वळून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेजारी मुनावारोह बसली होती. वय अंदाजे ३५, राहणार रास बेट, झोळीत सहा महिन्यांचा मुलगा रोफिकी. तिची बोट बाराची होती.

ती म्हणाली, "अगं, तू स्वतः काही खाल्लंस का सकाळपासून?"

मी म्हणाले, "नाही, एम्बुक." काडीची ओळख नसताना मी तिला थोरली बहीण म्हणून हाक मारली, हेही नोंदवावे.

"मग आधी दोन घास गिळ, तोंड धू. आण ती इकडे. एक आहेच मांडीवर, आणखी एक. पळून कुठे जातेय मी!"

सव्वादहाला मी मुलगी तिच्या हातात दिली. तिने मागितली नव्हती, ओढली नव्हती. मी दिली. मागच्या टपरीवर भात आणि मासा खाल्ला. मग नमाजाच्या खोलीत बायकांच्या बाजूला तोंड धुवायला गेले. तिथे चटई होती, पंखा होता. पाठ टेकावी म्हणून आडवी झाले. दुपारच्या नमाजाला बायका येऊन गेल्या असतील, मला पत्ता नाही. बोटीच्या भोंग्याने जाग आली तेव्हा एक वाजत आला होता.

बाकावर कोणी नव्हते. मी ओरडले. माणसे जमली. शेंगदाणे विकणाऱ्या बाईने विचारले, "पोर गेली तेव्हा तू कुठे होतीस गं?" झोपले होते, एवढेच सांगायचे होते. तोंडातून निघाले, "हातातून हिसकावली." तीस-चाळीस लोकांनी ते ऐकले, आणि मला शब्द मागे घेता आला नाही.

मुनावारोह नमाजाच्या खोलीकडे येणाऱ्या बोळात सापडली. लोकांनी तिला झोळीला धरून ओढत आणले. एका बाईने तिच्या थोबाडीत मारली. दोन्ही हातांत मुले असल्याने तिला गाल वाचवता आला नाही. माझी मुलगी गाढ झोपली होती. तिच्या अंगाखाली कोरडे दुपटे होते, ते माझे नव्हते. तिचे पोट भरलेले आहे हे मला बघताक्षणी कळले. चार महिन्यांत मी तिला तशी झोपलेली पाहिली नव्हती. हवालदारांनी विचारले, "हीच ना ती? हिनेच हिसकावली?" मी हो म्हणाले.

तक्रार लिहून झाल्यावर मी बाहेर बसले होते. मुनावारोहने मला खुणेने बोलावले.

"ये, ओरडत नाही तुझ्यावर. एक सांगायचं राहिलंय. हिला मी पाजलंय. चार वेळा. रडून रडून आवाज बसला होता तिचा, काय करणार? पण पाचव्यांदा नाही पाजलं. पाच वेळा पोटभर झालं की आपल्या धर्मानं ती माझी लेक आणि रोफिकी तिचा भाऊ. उद्या त्यांची सोयरीकही चालायची नाही. तुला विचारल्याशिवाय कसं करू? नंतर नुसतं बोट चोखायला दिलं."

मी म्हणाले, "मला उठवायचं होतंस."

"दोनदा आले होते की. तोंड उघडं टाकून झोपली होतीस, पोरीसारखी. जीव झाला नाही. तिसऱ्यांदा उठवायलाच येत होते, तेवढ्यात ह्यांनी धरलं."

"आणि तुझी बोट?"

"गेली. आता परवा."

मी खोटे का बोलले, हे तिने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. माझी अडीचची बोटही मी जाऊ दिली आणि स्वतः साहेबांकडे आले. खोट्या तक्रारीचा गुन्हा माझ्यावर लागू शकतो, हे त्यांनी मला समजावून सांगितले. ते मला मान्य आहे. मला लाज वाटते आणि ती गुन्हा लागल्याने जाणार नाही.

हा जबाब चालू असताना नाफिसा उठली आणि रडू लागली. मी पाजून पाहिले, नेहमीचेच झाले. मी तिला मुनावारोहच्या मांडीवर ठेवले आणि महिला पोलिसांसमोर म्हणाले, "पाचव्यांदा पाज, एम्बुक. आता मी विचारतेय."

ती म्हणाली, "घरी काय सांगशील?"

"जे साहेबांना सांगितलं तेच. झोपले होते म्हणून."

तिचा गाल अजून लाल होता. मग तिने ओढणी सारखी केली आणि मुलीला घेतले. चार वाजून दहा मिनिटांपासून पंचवीस मिनिटांपर्यंत मुलगी प्यायली आणि आपण होऊन तोंड बाजूला केले.

याचा गुन्ह्याशी संबंध नाही, असे साहेबांचे म्हणणे आहे. परंतु दुसरीकडे कुठे याची नोंद होणार नाही म्हणून माझी विनंती आहे, की सव्वा वाजताच्या कागदावर मुनावारोह हिच्या नावापुढे 'आरोपी' लिहिले आहे ते खोडावे, आणि तेथे 'मुलीची दूधआई' असे लिहावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्यावरून तो मुनावारोहसमोर वाचला. मी सांगितले तसाच आहे, बरोबर आहे. सही, झुलायहा.