वाढत्या अंगाचं जॅकेट

एकच पिवळा हातमोजा. दारात स्टँडवर लावलेली, विकायची नसलेली मोटरसायकल. कुरिअरचं फाडलेलं खोकं.

चाकणच्या हेल्मेट-जॅकेटच्या दुकानात आम्रपाली हेल्मेटची काच बदलून मिळायची वाट बघत होती. शेजारी चऱ्होलीचे दत्तोबा, लेक करिष्माला घेऊन, दुकानदाराला तिचं नवं जॅकेट दाखवत होते.

“ऑनलाइन मागवलंय. बाह्या तेवढ्या आखूड करून द्या.”

“काका, मी शिंपी नाही. ताई, जॅकेट घालून त्या गाडीवर बसा. हँडल धरा. कोपराचं पॅड कुठे गेलं?”

“मनगटाकडे.”

“म्हणजे पडलात तर कोपर फुटणार. एवढं मोठं का घेतलं?”

“अप्पांनी साइज टाकली.”

“म्हनलं, वाढत्या अंगाचं असावं.”

“अप्पा, मी सव्वीसची आहे! आता काय, आडवी वाढू?”

“आत स्वेटर बसंल की.”

“सोमवारपासून तळवड्याला गाडीवर जायचंय मला. जॅकेटशिवाय सोडणार नाही, असं तुम्हीच म्हणालात.”

“व्हय, म्हनलो.”

“हे परत पाठवा, काका. ताई, माझ्याकडचं हे घाला. घट्ट वाटेल, पण पॅड जागचं हलणार नाही.”

“श्वास घेता येतोय का गं?”

“येतोय, अप्पा.”

“मंग बस गाडीवर. हात लांब कर. हां. ह्येच द्या.”

गेल्या महिन्यात आम्रपालीने लेकासाठी हेल्मेट घेतलं होतं, एक नंबर मोठं.