चाळीस मिनिटांचं कारण

बसच्या रांगेत माझ्या पुढे एक जोडपं उभं होतं. दोघांच्याही अंगात कारखान्याचे निळे कोट होते. बाईंच्या हातात मशीन बंद पडल्याच्या नोंदीचा कागद होता.

"चाळीस मिनिटं बंद. कारणात मी 'फिटरची वाट' लिहिलंय."

"खोड ते. फिटर मीच ना? सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडेच बघतील. 'बिघाड' लिही."

"बिघाड पाच मिनिटांचा. एक बोल्ट आवळलात नि मशीन सुरू झालं. उरलेली पस्तीस मिनिटं होतात कुठे?"

"घरी. तुझा चष्मा आणायला."

"मी फक्त म्हटलं, चष्मा घरी राहिला. जा म्हणाले होते का?"

"तुझं 'फक्त म्हटलं' सव्वीस वर्षं ऐकतोय मी."

"मग 'इतर' लिहू?"

"'इतर' लिहिलं की साहेब बोलावून विचारतात, इतर म्हणजे काय."

"'ऑपरेटर गैरहजर' तर मुळीच लिहिणार नाही. मी मशीनपाशीच उभी होते."

"चष्म्याशिवाय. म्हणजे अर्धी गैरहजरच."

"मग खरंच लिहिते. फिटर ऑपरेटरचा चष्मा आणायला घरी गेला."

"लिही बाई. साहेब हसतील तरी. हे घे पेन."

"अहो..."

"आता काय?"

"चष्मा मशीनवरच राहिला वाटतं."

समोरून बस वळताना दिसली. तो रांगेतून बाहेर पडला आणि कारखान्याच्या गेटकडे चालू लागला.

"अहो, मी फक्त म्हटलं."