सकाळीच सही झालेलं निकालपत्र

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे आमचे साहेब, वहिनी, कचेरीतले माझे सगळे सहकारी, आणि माझ्या आग्रहाखातर शेवटच्या रांगेत येऊन बसलेल्या शिवणकामवाल्या बाई, सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्ष महोदय आत्ताच घड्याळ बघताहेत. अहो, तुमचा पक्ष तीस वर्षं खुर्चीत बसलाय, मी पाच मिनिटं उभी राहिले तर काय बिघडलं? हसा, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

साहेब शांत, साहेब शिस्तीचे, असं सगळे म्हणाले. खरंच आहे. पण निवडणूक शाखेचा प्रमुख शेवटची बारा वर्षं तळघरात जुन्या फायली झटकत का बसला, यावर मात्र सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मीसुद्धा. बारा वर्षं.

आमच्या कचेरीत एक रीत होती. निकाल काय लागणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून मोजणीच्या दिवशी मी सकाळीच निकालपत्र टाइप करून ठेवायचे. वर 'विजयी'पुढे सत्ताधाऱ्यांचं नाव, खाली विरोधकाचं, आकड्यांच्या जागा कोऱ्या. साहेब चहा घेता घेता सही करून मोकळे. दुपारी मी आकडे भरायचे, मोठा वर, छोटा खाली.

बारा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांकडून अध्यक्ष महोदय, तुम्हीच होतात. समोर एकट्या या बाई. त्यांनी मशीन चालवता चालवता गिऱ्हाइकांशी बोलून प्रचार केला. मोजणीला बसवायलाही त्यांच्याकडे माणूस नव्हता. साहेबांनी दोन्ही नावांपुढे आकडे लिहून चिठ्ठी माझ्याकडे पाठवली. मी नावं वाचलीच नाहीत. मोठा वर, छोटा खाली. हाताला दुसरं वळणच नव्हतं हो! निकाल जाहीर झाला. बाईंनी तुम्हाला हात जोडले आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चिठ्ठी निकालपत्राशी ताडून पाहिली. मग मला घेऊन वरच्या साहेबांकडे धावले. उत्तर मिळालं, "जाहीर झालेला निकाल बदलत नाही. चूक कोणाची, तेवढं सांगा." माझी नोकरी कायम व्हायला महिना राहिला होता. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझी. सही माझी आहे."

ते तळघरात गेले. मी कायम झाले, बढतीही घेतली. लाज वाटते मला.

त्यानंतर कोणी उभंच राहिलं नाही. पुढच्या दोन्ही निवडणुका बिनविरोध. मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "लोकांना मी नकोय गं. कशाला उगाच?" हे मी साहेबांना सांगितलं आणि त्या दिवसापासून ते बाईंच्या दुकानावरून जाईनासे झाले. वहिनी, घरी यायला रोज उशीर का, असं तुम्ही विचारायचात ना? ते लांबच्या गल्लीनं यायचे.

काल कपाट आवरताना साहेबांनी ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. "फाडून टाक," म्हणाले. साहेब, नाही फाडली. तुमचं एवढंच एक ऐकलं नाही.

बाई, जरा उभ्या राहता? तुम्ही अकरा मतांनी निवडून आला होतात. लोकांना तुम्ही हव्या होतात, बाई.

सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं पदरात घ्यावं. टाइप करताना झालं, त्याची माफी मी फक्त बाईंकडे मागते. द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवावं. निदान एवढं तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे.