मांजर जगलं तर मी जगणार

आमी मूळचे म्हसवडच्या अंगाचे, मेंढरं राखणारे. आमचा बाप नुसती काठी घेऊन लांडग्याच्या मागं पळायचा, आन् त्याच्या पोटी मी असा निघालो की कोंबडं अंगावर आलं तरी बायकोच्या मागं दडणार. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली तवा माधवनगरला आलो, मिलमध्ये लागलो, चाळीत खोली घेतली. खोलीत उंदरं लय. जोंधळ्याचं पोतं कुरतडलं, माझी एकुलती एक बरी प्यांट कुरतडली, तवा बायको, सखू, म्हणाली, माझ्या आईकडनं मांजर आणू.

काय सांगू तुमाला, सासूनं मांजर पोत्यात घालून तोंड बांधून दिलं, वाट दिसली की माघारी येतं म्हणून. यष्टीत ते पोत्यात वराडाय लागलं. कंडक्टर म्हणाला, कोण रडतंय. सखू म्हणाली, आमच्या ह्यांच्या पोटात दुखतंय. मग काय, उतरंपतूर मी कण्हत बसलो.

खोलीवर पोतं सोडलं आन् मांजर माझ्या मनगटाला कडाडून चावलं. रक्त पुसता पुसता सखू सहज म्हणाली, आईच्या मेंढरात मागल्या आठवड्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं हुतं म्हणं. तसाच उठलो आन् यष्टी धरली. सांगलीला डॉक्टर म्हणाले, मांजर दहा दिवस डोळ्यासमोर ठेवा, ठणठणीत राहिलं तर काही नको, मेलं किंवा पळालं तर पोटात चौदा इंजेक्शनं.

तवापासनं त्या मांजराची जी सेवा केली ती आईबापाची केली न्हाई. दारं-खिडक्या बंद, दूध मांजराला, पोरांना काळा चहा. सखू म्हणायची, माझ्या बाळंतपणात एक पेला आणला न्हाई तुमी. मी मांजराकडं बघायचो, मांजर माझ्याकडं, आन् दोघांत पिसाळल्यावाणी मीच दिसत आसंन. सकाळी तांब्या तोंडाला लावायचो, पाण्याचं भ्या वाटतंय का बघाय, आन् त्या भ्यानंच पाणी घशाखाली उतरायचं न्हाई, मग आनखी भ्या.

एकदा भांडी घासताना पाणी उडालं तर मांजर टुणकन फळीवर. मी भिताडाला टेकलो. म्हणालो, पाण्याला भ्यालं गं, संपलं माझं. सखू म्हणाली, आवं, मांजर कवा नदीला आंघुळीला गेल्यालं ऐकलंय का तुमी?

मुदत सरायच्या आदल्या दिवशी पाळीवरनं आलो तर दार सताड उघडं, मांजर न्हाई. सारी चाळ, मिलचं गेट, गटारं, सगळीकडं म्यांव म्यांव करीत फिरलो. लोक पोरांना आत घ्याय लागले, म्हणाले, ह्याला लागण झाली. माघारी येऊन उंबऱ्यावर बसलो, पोरांची तोंडं बघत. कवा न्हाई ते सखू गप बसली. तिचं गप बसणं बघून तर मी लयच भ्यालो. मग ती हळूच म्हणाली,

“सकाळी दवाखान्यात जाऊ. मी हाय संगं.”

आन् माझ्याजवळ बसाय म्हणून कोपऱ्यात टाकल्यालं सासूचं पोतं ओढाय गेली, तर पोतं जड. आत मांजर झोपल्यालं, सासूच्या मेंढराच्या वासात. सारं माधवनगर हुडकलं, तेवढं पोतं सोडून. डोळं उघडून त्यानं जांभई दिली, आन् मी रडलो.

मुदत सरली तवा मीच दार उघडलं, म्हणालो, जा बाबा, सुटलास. ते उंबऱ्यापतूर गेलं आन् मला परत धडकी भरली, आता खरंच जातंय का काय. ते तिथंच बसलं, पंजा चाटत.

आज त्याच्या पतवंडांची पतवंडं विश्रामबागला आमच्या पोरीकडं हायती. मी अजून सकाळी तांब्या तोंडाला लावताना जरा थांबतो. मग पाणी उतरतं. म्हसवडच्या शिद्धनाथा, सगळ्यांच्या घशाखाली असंच उतरू दे रं, मानसांच्या आन् मांजरांच्या.