पोरीच्या टेपमधला विनोद

— नाही नाही, त्या खुर्चीत नका बसू बाई, पडाल. तिचा स्क्रू मी काढून ठेवलाय, तुमच्या त्या शिकाऊ पोरीसाठी. मागच्या खेपेला धप्पकन आपटली आणि काय हसली — मनाची डॉक्टरीण असून हसते, म्हटलं बरी आहे. आज ती जिन्यात उभी आणि आत तुम्ही, तिच्या वरच्या बाई. म्हणजे माझ्या तिच्या बोलण्याची टेप ऐकलीत. ऐकणारच, तुमचं कामच ते — पोरं कुठे चुकतात ते ऐकायचं, शिकवायचं, नाहीच जमलं तर पेशंट काढून घ्यायचा. तसंच ना? नुसती मान नका हलवू.

हे बघा, ती रडली त्यात तिचा काही दोष नाही. थापा मारल्या मी. गोदामाची भिंत कोसळली, ढिगाऱ्याखाली मी आणि मेहुणा — सगळं रचलेलं. सही करताना घाम फुटतो मला, पण रचायला काय लागतं? पोरगी फसली, डोळे पुसायला लागली, शेवटी मीच तिला पाणी दिलं — पेशंटने डॉक्टरला, हसा की जरा. तिला काढू नका म्हणजे झालं. दुसरं कोणी बसवलंत तर मी यायचा नाही, आत्ताच सांगतो.

काय? मेहुणा केवढा होता? होता कुठला, नव्हताच — धाकटा होता, बायकोचा लाडका. म्हणजे रचताना तसं ठरवलं मी. अंधारात घाबरायचा, म्हणून मी आपला विनोद सांगत राहिलो, एक झाला की दुसरा. तो हसायचा, खोकायचा, म्हणायचा, ‘भावजी, पुढचा.’ मग तो न्हाव्याचा काढला — न्हावी वस्तरा घेऊन येतो, गिऱ्हाईक म्हणतं — गिऱ्हाईक काय म्हणतं —

टेपमध्येपण इथेच थांबलोय, नाही का? तिथून पुढे तो हसलाच नाही. आणि मी सांगतोच आहे, सांगतोच आहे, लोक विटा उपसेपर्यंत.

पोरीने ‘मग काय झालं’ असं विचारलं नाही. रडली, पण उठली नाही, घड्याळाकडेसुद्धा बघितलं नाही. घरी मी तोंड उघडलं की बायको उठून आत जाते.

गिऱ्हाईक काय म्हणालं? ते तुम्हाला नाही सांगायचं. ते तिलाच. हा घ्या स्क्रू, खिशातच होता — तेवढा बसवा, आणि पाठवा तिला.