दुधातली पूड

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेची बोटं सुजलेली होती.

"डॉक्टर काय म्हणाले गं?"

"शरीराचे पहारेकरी माझ्याच सांध्यांवर तुटून पडतायत, आई. 'अरे, हे आपलंच घर' म्हणत त्यांना आवरणाऱ्या पेशी कमी पडतायत."

"म्हणजे प्रतिकारशक्ती कमी."

"उलट, ती मोकाट सुटलीय. औषध ती दाबायलाच आहे."

"मग सूज का उतरत नाही?"

"तेच त्यांना कळेना."

"तुझ्या दुधात मी रोज पूड घालतेय. प्रतिकारशक्ती वाढवायची."

"मला न सांगता?"

"वाटलं, आळस जाईल तुझा."

"आता डॉक्टरांना सांगायला हवं."

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"पुडीचं तेवढं सांगा. आळसाचं घरात राहू द्या."

"हात दे गं, मला उठवत नाही."

"बोटं दुखतात, आई. दंडाला धरा."