जर्मनीचा डबा

शिरपूरला इतिहास शिकवायचो तेव्हाचं सांगतो. दुसरं महायुद्ध काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना. शेवटी प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला आणि वर्गातच लढाई लावली. गरीब स्वभावाचा सुभाष झाला जर्मनी.

आठवडाही झाला नसेल, त्याची आई वर्गाच्या दारात.

"गुरुजी, मना पोऱ्याले दुसरा देश द्या. तेनासंगे कोणी जेवस नही. डबा तसाच घर लई येस."

"अक्का, परीक्षा तोंडावर आलीय, आता देश कसा बदलू?"

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. जर्मनीनं सगळ्यात आधी जिच्यावर हल्ला केला, ती पोलंड, म्हणजे आमची शकू, आपला डबा घेऊन सुभाषशेजारी जाऊन बसली.

"लढाई सरनी. उघड डबा, जर्मनी!"

आई बघतच राहिली. मग हळूच मला म्हणाली, "गुरुजी, हाऊच देश राहू द्या."